पान उशिरा उघडते, तेव्हा दोष कोणाचा?

आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता जे शिकावे लागले, तेवढेच येथे सांगणार आहोत.

गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या कारखान्यातील अठरा कामगारांचे फंडाचे अर्ज आमच्या कचेरीतून भरावयाचे होते. दुसरीकडे रोजंदारीवर लागलेली ही माणसे खाडा करून आलेली. क्रोममध्ये चक्र फिरत राही, चाळीस चाळीस सेकंद पान उघडेना. संबंधित कार्यालयात दूरध्वनी केला, तर उत्तर आले, "तुमचेच नेट मंद आहे." कारखान्यात माल बिघडला की आधी मजुराकडे बोट जाते, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणून दोष शोधावयाचेच ठरविले.

पान येते कसे, हे आधी पाहू. आपण लिहिलेल्या नावावरून त्या संगणकाचा अंकांतील पत्ता काढावा लागतो. ही व्यवस्था १९८३ साली योजिली गेली. मग दोन्ही संगणकांची ओळख पटते, गुप्ततेचा करार होतो, मागणी जाते, आणि पलीकडचा संगणक पान तयार करून धाडतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. तरीही भारतातून अमेरिकेस जाऊन यावयास पाव सेकंदाच्या आसपास लागतो. एका पानासाठी अशा फेऱ्या अनेक होतात. त्यात चित्रे, अक्षरांचे साचे, जावास्क्रिप्ट हे सुटे भाग निराळे मागवावे लागतात. ते जोडून पान उभे करणारा फिटर म्हणजे ब्राउझर.

फिटर बदलून पाहणे ही पहिली परीक्षा. परंतु येथे एक फसगत आहे. क्रोम व एज हे दोन वाटले, तरी २०२० पासून एजचे अंतरंग क्रोमच्याच घराण्यातले आहे. एकाच घरातले दोन साक्षीदार तपासून काय उपयोग? फायरफॉक्सचे यंत्र वेगळे, सफारीचे वेगळे. आम्ही फायरफॉक्स नव्याने बसविले. त्याच्या कोठारात आधीचा एकही भाग साठविलेला नव्हता, तरी पान आठ सेकंदांत उघडले. म्हणजे तारेचा दोष नव्हे; दोष आमच्या क्रोममध्येच कोठेतरी होता.

अशा वेळी लोक सांगतात, "सगळी साठवण पुसून टाका." आम्ही ते शेवटी करतो. पुसल्याने पुरावाही पुसला जातो, आणि पुढच्या वेळी सगळे भाग पुन्हा मागवावे लागल्याने पान उलट अधिकच रेंगाळते. त्याऐवजी खासगी खिडकी उघडावी. तीत बाहेरून जोडलेली एक्स्टेन्शने सहसा बंद असतात व जुन्या कुकीजही नसतात. आमचे पान तेथे चटकन आले. मग एकेक एक्स्टेन्शन बंद करीत गेलो आणि चोर सापडला. कचेरीतल्या मुलाने मोबाइल स्वस्तात मिळावा म्हणून सवलतींची कूपने दाखविणारे एक एक्स्टेन्शन बसविले होते. ते प्रत्येक पानात डोके खुपसत असे. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. आम्ही त्यास चहा पाजला.

तेव्हा चाळिसातले बत्तीस सेकंद आमच्या पदरी. पण उरलेले आठ? त्यासाठी मोबाइलच्या जोडणीवरून तेच पान पाहिले, तेथेही आठच. म्हणजे आमचा राउटर निर्दोष. मग एफ-१२ ही कळ दाबून 'नेटवर्क' हा तक्ता उघडला. प्रत्येक भागास किती वेळ लागला, ते त्यात आडव्या पट्ट्यांनी दिसते. पहिले अक्षर येण्यापूर्वीच पट्टी लांबली, तर विलंब बहुधा पलीकडच्या संगणकाचा; अक्षरे येऊ लागल्यावर लांबली, तर भाग जड किंवा तार अपुरी. आमच्या तक्त्यात पाच सेकंद निव्वळ वाट पाहण्यात गेलेले, आणि बाकीचे बव्हंशी एका भल्यामोठ्या छायाचित्रात. कशाचे? उद्घाटन समारंभाचे!

त्या तक्त्याचे चित्र जोडून, आमची चूक आधी कबूल करून, आम्ही कार्यालयास पत्र धाडले. उत्तर अद्याप नाही; छायाचित्र मात्र पंधरवड्यात लहान झाले. सतरा अर्ज त्याच दिवशी गेले. अठरावा नावातील एका अक्षराच्या फरकाने अडला आहे, आणि त्यासाठी आम्हांस उद्या पुन्हा जावयाचे आहे.