गोठ्यातलं संग्रहालय : पिंगुळीची चित्रकथी म्हणजे नेमकं काय?

कुडाळ : गोठ्यात गुरं बांधतात. पण कुडाळ शहराजवळच्या पिंगुळी गावात एका घरच्या गोठ्याचं चक्क संग्रहालय झालं आहे. लोककलावंत परशुराम गंगावणे यांनी ते उभं केलं. नाव 'ठाकर आदिवासी कला आंगण'. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि पिंगुळीचं नाव देशभर गेलं. तरीही जिल्ह्यातल्या अनेकांनी ते आतून पाहिलेलं नाही.

चित्रकथी म्हणजे काय?

चित्र दाखवत कथा सांगायची, ती चित्रकथी. रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाची चित्रं क्रमाने लावलेली असतात. या संचाला 'पोथी' म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक पान उलटलं की कथा पुढे सरकते. सोबत वीणा, हुडूक आणि टाळ. गाणारा, वाजवणारा आणि चित्र यांचा मेळ बसला तरच कथा रंगते.

ही कला नवी नाही. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातही चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजाला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय मिळाला. देवळात, सणासुदीला खेळ व्हायचे. संस्थान गेलं, पुढे सिनेमा आणि टीव्ही आले, आणि खेळांना बोलावणं कमी झालं.

आणखी काय पाहायला मिळतं?

दोऱ्यांनी नाचवायच्या लाकडी कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. छायाबाहुल्यांचा खेळ पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून होतो. लोकांना दिसते ती सावली. शाळेची सहल नेली तर पोरांना मोबाइलआधीचा 'पडदा' कसा होता ते कळेल.

पान विकलं की कथा तुटते

जुन्या पोथीचं एखादं पान सुटं विकलं जातं. घेणारा ते चौकटीत घालून भिंतीला लावतो. पैसे एकदाच मिळतात, पण कथेचा मधला तुकडा कायमचा जातो. उरलेली पोथी सांगायची तरी कशी? म्हणून पूर्ण संच एका जागी राहणं महत्त्वाचं.

घरात जुनी पोथी किंवा बाहुल्या असतील तर एवढं करा :

– पानं सुटी करू नका, लॅमिनेशन करू नका.
– कोकणातल्या पावसात कागदाला ओल आणि वाळवी लागते. पोथी भिंतीला किंवा जमिनीला टेकवून न ठेवता कोरड्या, हवेशीर जागी ठेवा.
– प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी, क्रमाने फोटो काढा.
– घरातल्या जाणत्या माणसाला ती कथा येत असेल तर मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवा. चित्र उरलं आणि कथा गेली, तर पोथी मुकी होते.
– शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू परदेशात विकायला नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. कोणी गिऱ्हाईक दारात आलं तर हे लक्षात ठेवा.

संग्रहालयात वस्तू सांभाळता येतात. पण कथा ऐकायला माणसंच लागतात. पुढच्या वेळी कुडाळला बाजाराला गेलात, तर तासभर काढून पिंगुळीला जाऊन या.