एकरभर शाळेला लिहून ठेवलीय, म्हणजे दिली का?

‘एकरभर शाळेच्या नावे लिहून ठेवलीय. मृत्युपत्र निफाडला जाऊन रजिस्टर केलंय. माझ्यामागं भांडण नको.’ विंचूरच्या बाजार आवारात, कांद्याच्या लिलावाची वाट पाहत बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकलं की पोटात गोळाच येतो. कोणी शाळेला लिहितं, कोणी वारकरी संस्थेला, कोणी गोशाळेला. देणाऱ्याच्या मनाबद्दल शंकाच नाही. शंका त्या कागदाबद्दल आहे.

शेतजमीन ही घर, सोनं किंवा मुदतठेव यांसारखी मालमत्ता नाही. ती कोणाला द्यायची यावर १९४८ च्या कूळकायद्याचा लगाम आहे. या कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, पट्ट्याने लावता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असेल तरच ते जमतं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण लगेच एक हुशार माणूस उठतो आणि म्हणतो, ‘कलमात विक्री आहे, बक्षीस आहे. मृत्युपत्र कुठंय?’ झालं! या एका वाक्याच्या भरवशावर किती जमिनी ‘दान’ झाल्या असतील कोण जाणे.

हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. विनोदचंद्र साकरलाल कापडिया विरुद्ध गुजरात सरकार या खटल्याचा निकाल जून २०२० मध्ये लागला. न्यायालयाने म्हटलं की जिवंतपणी जे हस्तांतर करायला कायदा मनाई करतो, ते मृत्युपत्राच्या आडवाटेने करू दिलं तर कायद्याचा हेतूच बुडेल. शेतकरी नसलेल्याच्या नावे मृत्युपत्राने केलेली शेतजमिनीची व्यवस्था टिकली नाही. यावर त्याच हुशार माणसाचं पुढचं उत्तर तयार असतं: ‘तो गुजरातचा निकाल.’ अहो, गुजरातचा कायदा म्हणजे जुन्या मुंबई राज्याचा तोच १९४८ चा कायदा. कलमांच्या शब्दांत पुढे दोन्ही राज्यांनी फेरफार केले, पण मूळ एक आणि हेतूही एक. फरक दाखवून वकील कदाचित वर्षानुवर्षं लढतीलही. पण गावातल्या शाळेला जमिनीऐवजी दावा देऊन जायचं असेल, तर त्याला दान कशाला म्हणायचं?

मार्ग आहेत, आणि ते फार अवघडही नाहीत. जमीनच द्यायची असेल तर संस्थेला घेऊन हयातीतच परवानगीच्या मागे लागावं आणि नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं. ते जमणार नसेल तर मृत्युपत्रात जमीन संस्थेला लिहूच नये. व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमावा आणि लिहावं की अमुक गटातलं माझं क्षेत्र शेतकरी खरेदीदाराला विकून येणारी रक्कम अमुक संस्थेला द्यावी. जमीन शेतकऱ्याकडेच राहते, संस्थेला पैसे मिळतात. कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर त्याआधी कलम ४३ च्या अटीही तपासाव्यात; सातबाऱ्यावरचा शेरा वाचल्याशिवाय वकिलाकडे जाऊ नये.

याच्या अगदी उलटा गैरसमजही तितकाच पक्का आहे: वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्रच होत नाही. होतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ३० नुसार एकत्र मालमत्तेतला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. फक्त स्वतःचा हिस्सा किती, हे मोजताना मुली विसरल्या जातात. २००५ च्या दुरुस्तीने त्यांना जन्मतः हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्यावरचा वाद मिटवला. तेव्हा सातबाऱ्यावर चार एकर दिसतात म्हणून चारही एकरांचे आपण धनी, हा हिशेब चुकीचा.

मग ‘उरलेलं धर्मकार्याला’ असं मोघम लिहिणारे. मुंबईतल्या एका दाव्यात १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने ‘धर्म’ या कारणासाठीची देणगी हेतू अस्पष्ट म्हणून रद्द ठरवली होती. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याने ती अडचण दूर केली. धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य यांसाठीचा न्यास केवळ अस्पष्टतेमुळे रद्द होत नाही. पण रद्द होत नाही म्हणजे तुमच्या मनासारखं होतं, असं नव्हे. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्याकडे पाहा. त्यांनी सुमारे ३५ लाख रुपये ठेवले ते ‘सत्कार्याला’ नव्हे, तर नागपूर विद्यापीठाला, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. संस्था उभी राहायला १९४२ साल उजाडलं, पण पैसा दुसरीकडे वळला नाही. तेव्हा संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि कारण लिहावं. ती संस्था बंद पडली तर पुढे कोण, हेही. मृत्युपत्रानेच नवा न्यास काढणार असाल तर व्यवस्थापकाला मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राचं न्यायालयीन प्रमाणपत्र, आधी मिळालं तर त्यापासून एका महिन्यात. हे त्याला आज सांगून ठेवा.

बाकीचे गैरसमज झटपट. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणीने वाद कमी होतात, पण जे कायद्यात बसत नाही ते नोंदणीने बसत नाही. मृत्युपत्र केलं म्हणून जमीन लगेच जात नाही. मरेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही. बँकेत संस्थेला नॉमिनी करता येत नाही, तिथे व्यक्तीच लागते, आणि नॉमिनी मालक नसतो. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा सांगितलं. वारसा कर वाचवायला दान करायची गरज नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. प्राप्तिकरातली ‘८०जी’ची सवलत रकमेवर मिळते, जमिनीवर नाही. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एकतृतीयांशाहून जास्त देता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबांच्या धर्मादाय मृत्युपत्रांवरची, भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११८ ची जुनी अट मात्र २००३ मध्ये रद्द झाली.

आणि नेत्रदान मृत्युपत्रात लिहून कपाटात ठेवणाऱ्यांनो, डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. मृत्युपत्र सहसा तेराव्यानंतर उघडतं. घरच्यांना आजच सांगा.