पिंपरीची माती आणि डोळ्यातले थेंब

मांजरीकडच्या एका वाचकांनी अशी विचारणा केली आहे की, उसाचे पाचट काढताना पात लागून बुबुळावर बुरशीचे क्षत पडले, डॉक्टरांनी दर तासाला घालावयाचे थेंब लिहून दिले, आणि ते सुरू केल्यापासून डोळा उलट अधिकच चुरचुरू लागला आहे. तेव्हा हे औषध म्हणावे की नवे दुखणे?

तक्रार रास्त आहे. जंतूंची घडणच आपल्याहून निराळी असल्यामुळे त्यांचा समाचार औषधांना निर्धास्तपणे घेता येतो. बुरशी मात्र आपली दूरची भाऊबंद, आणि भाऊबंदकीतला दावा चिवट असायचाच. तिच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल, तर आपल्या आवरणात त्याचेच सख्खे भावंड कोलेस्टेरॉल. अँफोटेरिसिन हे बुरशीनाशक पहिल्याला गाठून आवरणाला छिद्रे पाडते खरे, पण प्रसंगी दुसऱ्यालाही सोडीत नाही. शिवाय मुळात शिरेतून देण्यासाठी केलेल्या त्या औषधाचे थेंब बनविताना त्यातील पित्तक्षारही डोळ्यात उतरतो व झोंबतो. नाटामायसिन हे दुसरे बुरशीनाशक त्या मानाने मवाळ. परंतु ते पाण्यात विरघळत नसल्याने बाटली हलवूनच घालावे लागते, आणि त्याचा दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका क्षतात व पापणीच्या कडेला धरून राहतो. त्यातच औषध टिकावे म्हणून घातलेले बेन्झाल्कोनियम अश्रूंचे पातळ आवरण विस्कटून टाकते. बुबुळावरची पाच-सात थरांची नाजूक त्वचा हा मारा रात्रंदिवस सोसते, तेव्हा तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे ओरखडे उठतात, जखम भरण्यास विलंब लागतो, आणि लाली रोगाची की औषधाची, हा पेच खुद्द डॉक्टरांपुढेही पडतो. तो सोडविण्याचा अधिकार त्यांचाच; थेंब परस्पर बंद केल्यास बुरशीला मोकळे रान मिळून फूल पडण्याची धास्ती.

हे नाटामायसिन ज्यापासून मिळते तो जंतू १९५५ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताल प्रांताच्या मातीत सापडला, हे पुस्तकांतून वाचावयास मिळते. पण आपल्या पिंपरीच्या मातीनेही असाच एक जंतू दिला होता, याची पुण्यात किती जणांना वार्ता आहे? हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास त्यापासून बुरशीनाशक हामायसिन मिळविले आणि जंतूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तिथल्या पेनिसिलीनच्या डामडौलात हे प्रकरण दफ्तरी पडून राहिले, याचा मला विषाद वाटतो. मात्र हामायसिनही अँफोटेरिसिन-नाटामायसिनच्याच गोत्रातले: पाण्याशी त्याचेही वाकडे, आणि त्याचीही बाटली हलवूनच घ्यावी लागे.