घरच्या सर्व्हरची तब्येत कळणार कशी? प्रोमिथियस आणि ग्राफानाचा फुकट डॅशबोर्ड, सोप्या भाषेत

जुना ऑफिसचा डेस्कटॉप किंवा छोटा मिनी पीसी घ्यायचा, त्यावर प्रॉक्समॉक्स टाकायचं आणि एकाच मशीनमध्ये पाच-सहा व्हर्च्युअल मशीन चालवायच्या. एकात घरच्यांचे फोटो, दुसऱ्यात सिनेमे, तिसऱ्यात सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, चौथ्यात स्वतःचे प्रयोग. याला म्हणतात होम लॅब. गेल्या काही वर्षांत हा छंद चांगलाच वाढलाय.

पण एकदा सगळं सुरू झालं की ते मशीन टेबलाखाली जातं आणि विसरलं जातं. त्याची आठवण येते थेट ते बंद पडल्यावर. तोपर्यंत डिस्क भरलेली असते आणि बॅकअप शेवटचा कधी झाला हे कुणालाच माहीत नसतं. फोटो दहा वर्षांचे असतात आणि कॉपी एकच.

हे टाळायला मोठ्या कंपन्या जी साधनं वापरतात, तीच घरी फुकटात बसवता येतात. ती कोणती, कशी बसवायची आणि त्यात नेमकं बघायचं काय, ते समजून घेऊ.

आधी प्रॉक्समॉक्स म्हणजे काय?

प्रॉक्समॉक्स व्हीई ही ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नामधल्या कंपनीची ओपन सोर्स प्रणाली. पहिली आवृत्ती आली २००८ मध्ये. ती डेबियन लिनक्सवर उभी आहे. पूर्ण व्हर्च्युअल मशीनसाठी केव्हीएम आणि हलक्या कंटेनरसाठी एलएक्ससी असे दोन्ही पर्याय त्यात मिळतात.

होम लॅबवाल्यांमध्ये याआधी व्हीएमवेअरच्या फुकट ईएसएक्सआयची चलती होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती फुकट आवृत्ती बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली खरी, पण तोवर बरेच जण प्रॉक्समॉक्सकडे वळले होते.

प्रॉक्समॉक्समध्ये आलेख असतातच, मग वेगळा डॅशबोर्ड कशाला?

प्रश्न रास्त आहे. प्रॉक्समॉक्सच्या वेब पानावर प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्कचे आलेख दिसतात. पण त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली, जुनी नोंद सरासरी काढून साठवली जाते. म्हणजे महिन्यापूर्वी रात्री दोन वाजता पाच मिनिटं काय गोंधळ झाला, ते महिन्याच्या आलेखात सपाट होऊन जातं.

दुसरी अडचण मोठी आहे. ते आलेख बघायला तुम्हाला तिथे जावं लागतं. बॅकअप फसला तर प्रॉक्समॉक्स ईमेल पाठवू शकतं, पण डिस्क हळूहळू भरत चाललीय किंवा प्रोसेसर तापतोय, हे ते आपणहून येऊन सांगत नाही.

प्रोमिथियस, ग्राफाना, एक्सपोर्टर: कोण काय करतं?

नावं अवघड वाटतात, पण काम घरच्या वीज मीटरसारखं आहे.

एक्सपोर्टर म्हणजे मीटर. तो मशीनवर बसतो आणि आत्ताचा आकडा दाखवतो. जुनं काही लक्षात ठेवत नाही.

प्रोमिथियस म्हणजे रीडिंग घेणारा माणूस. फरक इतकाच, की हा महिन्यातून एकदा न येता दर १५ सेकंदांनी येतो, प्रत्येक मीटरचा आकडा वेळेसकट वहीत लिहितो आणि पुढे जातो. २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत त्याचं काम सुरू झालं. ते सुरू करणारे मॅट प्राउड आणि ज्युलियस व्होल्झ हे दोघंही आधी गुगलमध्ये होते आणि गुगलच्या आतल्या बोर्गमॉन या प्रणालीवरून त्यांना ही कल्पना सुचली.

ग्राफाना त्या वहीतले आकडे काढून समजतील असे आलेख मांडतो. स्वीडनच्या टोर्केल ओडेगार्ड यांनी तो २०१४ मध्ये आणला.

तिन्ही ओपन सोर्स आहेत, घरगुती वापराला एक रुपयाही लागत नाही.

बसवायचं कसं?

१. स्वतंत्र कंटेनर करा. प्रॉक्समॉक्सवर डेबियनचा एक एलएक्ससी कंटेनर तयार करा. घरच्या एका सर्व्हरसाठी २ कोअर, २ जीबी रॅम आणि १६ जीबी डिस्क पुरते. प्रोमिथियस आणि ग्राफाना यातच राहतील. मूळ प्रॉक्समॉक्सवर शक्य तितकं कमी टाकायचं, हा नियम पाळा.

२. नोड एक्सपोर्टर मूळ मशीनवर टाका. याला मात्र पर्याय नाही, कारण खऱ्या प्रोसेसरचं तापमान आणि खऱ्या डिस्कचा वेग तिथेच कळतो. प्रॉक्समॉक्स डेबियनवरच असल्यामुळे हे पॅकेज नेहमीच्या पद्धतीने बसतं आणि पोर्ट ९१०० वर आकडे देऊ लागतं.

३. प्रॉक्समॉक्सचा एक्सपोर्टर कंटेनरमध्ये टाका. नोड एक्सपोर्टरला मशीन दिसतं, पण त्यातली कोणती व्हर्च्युअल मशीन किती खातेय हे दिसत नाही. त्यासाठी पीव्हीई एक्सपोर्टर लागतो. तो प्रॉक्समॉक्सच्या एपीआयला विचारून माहिती आणतो आणि पोर्ट ९२२१ वर ठेवतो. त्याला रूटचा पासवर्ड देऊ नका. नवा युजर करा, त्याला फक्त बघण्याची परवानगी असलेला पीव्हीई ऑडिटर हा रोल द्या आणि एपीआय टोकन काढा. बरेच जण इथे अडकतात. टोकन काढताना ‘प्रिव्हिलेज सेपरेशन’ची खूण तशीच ठेवली, तर युजरसोबत टोकनलाही तो रोल वेगळा द्यावा लागतो. नाहीतर सगळं बरोबर दिसतं, पण डॅशबोर्ड कोरा राहतो.

४. प्रोमिथियसला पत्ते सांगा. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये दोन्ही एक्सपोर्टरचे पत्ते लिहा. ही फाइल यामल प्रकारची असते. ओळीच्या सुरुवातीची एक जागा चुकली तरी प्रोमिथियस सुरू होत नाही. सुरू झाल्यावर पोर्ट ९०९० वर ‘टार्गेट्स’ हे पान उघडा. सगळं हिरवं दिसलं की अर्धी लढाई जिंकली.

५. ग्राफाना जोडा. तो पोर्ट ३००० वर उघडतो. सुरुवातीचं नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’ असतं, ते लगेच बदला. मग प्रोमिथियसला डेटा सोर्स म्हणून जोडा. आलेख स्वतः काढत बसायची गरज नाही. लोकांनी तयार केलेले डॅशबोर्ड क्रमांक टाकून घेता येतात. नोड एक्सपोर्टरसाठी १८६० आणि प्रॉक्समॉक्ससाठी १०३४७ हे क्रमांक प्रसिद्ध आहेत.

इतके आकडे साठवले तर डिस्क भरणार नाही का?

हिशोब करून बघू. समजा एका मशीनकडून १,००० प्रकारचे आकडे येतात. दर १५ सेकंदांनी म्हणजे दिवसाला ५,७६० वेळा. एकूण ५७ लाख ६० हजार नोंदी. प्रोमिथियस एका नोंदीला साधारण १ ते २ बाइट घेतो. म्हणजे दिवसाला ६ ते १२ एमबी, वर्षभराचे फार तर साडेचार जीबी. मोबाइलमधल्या एका मोठ्या गेमपेक्षाही कमी. मुळात प्रोमिथियस १५ दिवसांचीच नोंद ठेवतो. ती मुदत वर्षभराची करायला हरकत नाही.

आलेख शंभर, पण बघायचं काय?

१८६० क्रमांकाचा डॅशबोर्ड उघडला की डोळे दिपतात. पण घरच्या सर्व्हरसाठी मोजक्याच गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

थिन पूल किती भरलाय? हा सगळ्यात धोकादायक आकडा. प्रॉक्समॉक्समध्ये २५० जीबीच्या डिस्कवर १०० जीबीच्या तीन व्हर्च्युअल मशीन बसवता येतात, कारण जागा वापरली जाईल तशीच दिली जाते. प्रत्येक मशीनला आतून वाटतं, आपल्याकडे भरपूर जागा आहे. पण खालचा पूल संपला की लिहिणं अडतं आणि त्यावरच्या सगळ्याच मशीन अडचणीत येतात. डेटाही खराब होऊ शकतो. नोड एक्सपोर्टरला हा आकडा दिसत नाही, पीव्हीई एक्सपोर्टरला दिसतो.

मेमरी खरंच संपलीय का? लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडून देतं. म्हणून ‘वापरलेली’ नाही, तर ‘उपलब्ध’ मेमरी बघा. झेडएफएस वापरत असाल तर आणखी एक गंमत आहे. त्याची एआरसी कॅश ‘वापरलेली’ म्हणूनच मोजली जाते, त्यामुळे मशीन भरलेलं वाटतं. तिचा आकडा वेगळा बघा आणि मगच नवी रॅम विकत घ्या.

डिस्कची वाट बघण्यात किती वेळ जातोय? प्रॉक्समॉक्स याला आयओ डिले म्हणतं. प्रोसेसर मोकळा आहे, तरी सगळं संथ चाललंय, असं असेल तर दोषी बहुतेक वेळा डिस्क असते.

डिस्कची तब्येत कशी आहे? खराब झालेले सेक्टर वाढतायत का, एसएसडी किती झिजलीय, हे स्मार्ट या नोंदींतून कळतं. त्यासाठी स्मार्टसीटीएल एक्सपोर्टर वेगळा टाकावा लागतो.

तापमान आणि वीज. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बंद खोलीतला मिनी पीसी तेव्हा स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि मालकाला वाटतं, सॉफ्टवेअर बिघडलं. वीज जाण्याचा त्रास असेल तर यूपीएसची बॅटरीही मोजता येते. नेटवर्क यूपीएस टूल्स हे ओपन सोर्स साधन ते काम करतं आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट बंदही करतं. फक्त यूपीएसला यूएसबी डेटा पोर्ट हवा. घरच्या साध्या इन्व्हर्टरला तो बहुधा नसतो.

डॅशबोर्ड झाला, आता निवांत?

नाही. पहिल्या आठवड्यात माणूस दिवसातून दहा वेळा आलेख बघतो. तिसऱ्या महिन्यात बघतच नाही. म्हणून खरं काम अलर्टचं. ग्राफानामध्ये ही सोय आहे. टेलिग्रामचा बॉट जोडला की मोबाइलवर थेट मेसेज येतो.

इथे मोह आवरायला हवा. प्रोसेसर पाच सेकंद ९५ टक्क्यांवर गेला म्हणून मेसेज आला, तर तिसऱ्या दिवशी तुम्ही तो ग्रुपसारखा म्यूट कराल. मग खरी धोक्याची सूचनाही त्यातच हरवेल. साधी कसोटी अशी: मेसेज आल्यावर उठून काही करावं लागणार असेल, तरच अलर्ट ठेवा. आणि स्थिती सलग दहा-पंधरा मिनिटं टिकली, तरच तो वाजू द्या.

डिस्कसाठी प्रोमिथियसकडे एक छान सोय आहे. गेल्या काही तासांचा वेग बघून पुढचा अंदाज बांधणारं फंक्शन. ‘डिस्क ८५ टक्के भरली’ यापेक्षा ‘याच वेगाने चाललं तर चार दिवसांत भरेल’ हा मेसेज कितीतरी उपयोगी.

आणि पहारेकरीच झोपला तर?

इथेच बहुतेक घरगुती डॅशबोर्ड फसतात. प्रोमिथियस, ग्राफाना आणि अलर्ट सगळं त्याच सर्व्हरवर बसलेलं असतं. सर्व्हर बंद पडला की पहारेकरीही बंद. मेसेज येत नाही आणि तुम्हाला वाटतं, सगळं ठीक आहे.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. पहिला, घरातल्या दुसऱ्या उपकरणावर, जसं की रास्पबेरी पाय, अपटाइम कुमा हे ओपन सोर्स साधन चालवा. सर्व्हर उत्तर देतोय का, इतकंच ते विचारत राहतं.

पण घराची वीज किंवा इंटरनेटच गेलं तर पायही मुका होतो. म्हणून दुसरा टप्पा उलटा आहे. सर्व्हरने दर काही मिनिटांनी बाहेरच्या सेवेला ‘मी आहे’ असा निरोप द्यायचा. निरोप थांबला की ती सेवा तुम्हाला कळवते. हेल्थचेक्स हा ओपन सोर्स प्रकल्प हेच करतो आणि छोट्या वापरासाठी त्याची फुकट सेवाही आहे. हीच युक्ती बॅकअपलाही लावा. बॅकअप यशस्वी झाला की निरोप जातो. ठरलेल्या रात्री निरोप गेला नाही, तर सकाळी मोबाइलवर मेसेज आलेला असतो.

एक चूक अजिबात करू नका

ऑफिसातून डॅशबोर्ड दिसावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडू नका. नोड एक्सपोर्टर आणि प्रोमिथियस दोघंही मुळात पासवर्ड मागत नाहीत. पत्ता कळला की तुमच्या घरात कोणती मशीन, कोणत्या आवृत्तीवर चालतेय, हे कुणालाही वाचता येईल. बाहेरून बघायचंच असेल, तर वायरगार्डसारखं व्हीपीएन वापरा.

सुरुवात कुठून करावी?

एका रविवारी सगळंच उभारायची घाई नको. सगळ्यात आधी बॅकअपचा निरोप लावा, त्याला दहा मिनिटं लागतात. मग थिन पूल आणि डिस्कच्या तब्येतीचा अलर्ट. रंगीत आलेख त्यानंतर. आणि सगळं झाल्यावर एकदा मुद्दाम सर्व्हरचं नेटवर्क केबल काढून बघा. मोबाइल वाजला, तर पहारा खरा आहे.