एक मद्य, दोन अभिप्राय : वर्णन आणि मूल्यनिर्णय

फ्रान्समधील बोर्दो परिसरात तयार होणाऱ्या ‘शातो पावी’ या लाल मद्याच्या २००३ च्या उत्पादनावरून २००४ साली मोठा वाद झाला. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी त्याची गणना अत्युत्कृष्ट मद्यांत केली. उलट, ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी त्यास २० पैकी केवळ १२ गुण दिले. दोघेही अधिकारी समीक्षक असता एकाच मद्याविषयी इतका मतभेद का व्हावा?

याचे पहिले उत्तर इंद्रियभेद हे होय. गंध व कडू रस ग्रहण करण्याची शक्ती आनुवंशिक कारणांनी व्यक्तिपरत्वे भिन्न असते. दुसरे उत्तर पूर्वग्रहाचे. मोरो, ब्रोशे व द्युबुर्दिय यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या मद्यास गंधहीन रंगाने लाल केले होते. तेव्हा मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी त्याच्या गंधासाठी प्रायः लाल मद्याचीच विशेषणे योजली.

तथापि पावीच्या वादास ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात असाधारण उष्णता होती. अशा उष्म्याने द्राक्षांतील साखर वाढते व आम्लता घटते. त्यातून येणारी समृद्धी उभयतांस जाणवली होती. पार्कर यांना ती गुण वाटली. रॉबिन्सन यांना तीच अतिरेकी, पोर्ट मद्याची आठवण देणारी व बोर्दोस न शोभणारी वाटली. म्हणजे भेद संवेदनेत नव्हे, तर ‘बोर्दोचे मद्य कसे असावे’ या प्रमाणाविषयी होता.

‘पक्व’ आणि ‘अतिपक्व’ ही विशेषणे पाहिली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. पहिल्यात वर्णन प्रधान आहे. दुसऱ्यातील ‘अति’ हा उपसर्ग एखादी मर्यादा गृहीत धरतो आणि ती ओलांडल्याचा निर्णयही देतो. ही मर्यादा वाक्यात उच्चारली जात नाही. ती वक्त्याच्या मनात असते. मद्यवर्णनाच्या भाषेचा विस्तृत अभ्यास एड्रिएन लेहरर यांनी १९८३ च्या ग्रंथात केला. पुढे १९८४ मध्ये अ‍ॅन नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या गंधचक्रात ‘डौलदार’सारखे मूल्यवाचक शब्द वगळून विशिष्ट गंधांची नावेच ठेवण्यात आली.

सारांश, दोन अभिप्राय विरुद्ध दिसले म्हणून दोन अनुभव विरुद्ध होते असे अनुमान काढणे युक्त नव्हे. गुणसंख्येत वर्णन व निर्णय एकरूप होतात. शब्दांत मात्र ते अद्याप वेगळे करता येतात. म्हणून अभ्यासकाने गुणांपेक्षा विशेषणांकडे प्रथम वळावे, हे श्रेयस्कर.