‘एमएस’, ‘एमआर’ आणि ‘एम’ची गर्दी

हृदयरोग विभागातल्या केसपेपरवर ‘एमएस’ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ मायट्रल स्टेनोसिस. हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप आकसली आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा त्यामागे लहानपणी घसा दुखून मग आलेला रुमॅटिक ताप असतो. त्याच इमारतीत मेंदूविकारांच्या वॉर्डात ‘एमएस’ म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात मज्जातंतूंवरचे आवरण खराब होत जाते, झडपेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. डॉक्टरांच्या पाटीवरचा ‘एमएस’ ही शस्त्रक्रियेतली पदवी. आणि औषधांच्या रकान्यात ही दोन अक्षरे आली, तर ते मॉर्फीन सल्फेट असू शकते किंवा मॅग्नेशियम सल्फेट.

सामान्य माणसाच्या घरात जास्त शिरलेली जोडी ‘एमआर’ची. नातवाच्या लसीकरण कार्डावर ती गोवर-रुबेलाची लस असते. आजोबांच्या टू-डी एको रिपोर्टमध्ये ती मायट्रल रिगर्जिटेशन असते, म्हणजे झडप नीट न मिटल्याने रक्त थोडे मागे येणे. आजीच्या मधुमेहाच्या गोळीच्या पाकिटावर नावामागे ‘एमआर’ छापलेले असते, तेव्हा ती गोळी औषध सावकाश सोडणारी असते. दवाखान्यात बॅग घेऊन थांबलेले औषध कंपनीचे प्रतिनिधीही एमआरच.

यातल्या दोन ठिकाणी थांबायला हवे. एकोच्या रिपोर्टमध्ये ‘ट्रिव्हियल एमआर’ वाचून घरातली माणसे हबकतात, रात्रभर झोपत नाहीत. वास्तविक झडप मिटताना किंचित रक्त मागे येणे निरोगी हृदयातही सर्रास दिसते. गोळीवरच्या ‘एमआर’कडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही, आणि काळजी घ्यायची ती तिथे. गिळवत नाही म्हणून ती गोळी खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवून दिली, तर दिवसभर थोडे थोडे मिळायचे औषध एकदम रक्तात उतरते. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

इतके अर्थ एकाच अक्षराभोवती का गोळा झाले? इंग्रजीत अक्षरे 26. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या होतात 676, तीन-तीन अक्षरांचे गट 17,576. वैद्यकातल्या रोगांची, औषधांची, तपासण्यांची, अवयवांची नावे याच्या कितीतरी पट. त्यात ही नावे सगळ्या अक्षरांवर सारखी विखुरलेली नाहीत. ग्रीक-लॅटिनमधून आलेले ठरावीक तुकडे पुन:पुन्हा पुढे लागतात: मायक्रो, मॅक्रो, मायो, मायलो, मेनिंगो, मोनो, मल्टि. सगळे ‘एम’च्या दारात. ‘एच’ची अवस्था तर याहून बिकट, कारण हायपर आणि हायपो हे एकमेकांच्या विरुद्ध अर्थाचे तुकडे तिथेच राहतात. रक्तातले पोटॅशियम वाढणे आणि घटणे, दोन्हींचे आद्याक्षर एकच, उपचार मात्र उलटे.

दुसरे कारण माहितीशास्त्रात सापडते. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली मांडलेल्या सिद्धांतात एक महत्त्वाची गोष्ट होती: भाषेत गरजेपेक्षा जास्त खुणा असतात, म्हणून संदेश थोडा बिघडला तरी कळतो. ‘मॅग्नेशियम’ या नावातली दोन अक्षरे शाईत बुडाली तरी वाचणारा ते ओळखतो. ‘एमएस’मध्ये असा काही शिल्लक साठाच नाही. उरलेला अर्थ वाचणाऱ्याने स्वतःच्या अनुभवातून भरायचा. हृदयरोगतज्ज्ञ तो एक भरतो, भूलतज्ज्ञ दुसरा. दोघेही हुशार, दोघेही आपापल्या जागी बरोबर. रात्रपाळीला दुसऱ्या विभागातून आलेल्या सिस्टरने काय भरावे?

मॉर्फीन आणि मॅग्नेशियमची जोडी या प्रश्नाचे सर्वांत गंभीर रूप आहे. मॉर्फीन तीव्र वेदनेवर, तेही थोड्याच मिलिग्रॅममध्ये देतात. मॅग्नेशियम सल्फेट गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ नयेत म्हणून देतात, आणि त्याचे माप ग्रॅममध्ये असते. प्रचलित पद्धतीत पहिला डोस 14 ग्रॅमचा: 4 ग्रॅम शिरेतून सावकाश, बाकीचे 10 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत निम्मे-निम्मे. हे औषध मातांसाठी मोठे वरदान आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि मॅग्नेशियमने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केल्याचे तीत स्पष्ट झाले.

प्रसूतिकक्षात पुढचा डोस देण्याआधी सिस्टर काय करते ते पाहण्यासारखे असते. गुडघ्याखाली हलकेच टकटक करून पाय उडतो का पाहते, मिनिटातले श्वास मोजते, लघवी किती झाली ते पाहते. मॅग्नेशियम जास्त झाले की आधी गुडघ्याची ही उडी नाहीशी होते, मग श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलेले असते. मॉर्फीन जास्त झाले तरी श्वासच मंदावतो, पण त्याचा उतारा नॅलोक्सोन. म्हणजे लक्षण सारखे, आद्याक्षर सारखे, आणि जीव वाचवणारे इंजेक्शन वेगळे.

‘एम’ची गडबड मापांतही आहे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक. मायक्रोग्रॅमसाठी वापरायचे ग्रीक अक्षर घाईत लिहिले की हुबेहूब ‘एम’सारखे दिसते. म्हणून ते टाळून ‘एमसीजी’ लिहा, असे औषध-सुरक्षेचे जाणकार सांगतात. थायरॉईडच्या गोळ्यांच्या बाटलीवर 25, 50, 100 असे आकडे असतात ते याच मायक्रोग्रॅमचे.

रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘जॉइंट कमिशन’ने 2004 मध्ये न वापरायच्या संक्षेपांची यादी काढली. ‘एमएस’ आणि या दोन्ही सल्फेटांची रासायनिक लघुरूपे तिच्यात आहेत. नाव पूर्ण लिहायचे, एवढाच नियम. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलने 2016 मध्ये औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितले. ते योग्यच झाले, पण मला ते अपुरे वाटते. कॉम्प्युटरवर छापलेला ‘एमएस’ अत्यंत सुवाच्य असतो आणि तरीही त्याचे अर्थ तेवढेच राहतात. लिहिणाऱ्याचे वाचलेले दोन सेकंद वाचणाऱ्याच्या माथी मारले जातात. आणि आता वाचणाऱ्यांत रुग्णाच्या घरचेही आहेत, कारण डिस्चार्ज कार्ड त्यांच्याच हातात पडते.

आपल्या डॉक्टरांनी एक चांगली वाट केव्हाच काढली आहे. ‘बीडी’ऐवजी चिठ्ठीवर 1-0-1 लिहायचे. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे वाचायला लॅटिन यावे लागत नाही.

पण मेथोट्रेक्सेट या तिसऱ्या ‘एम’पुढे हीही युक्ती थिटी पडते. सांधेदुखीच्या काही आजारांत ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली, तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे खुंटते, माणूस दगावूही शकतो. तिचे ‘एमटीएक्स’ हे लघुरूप मायटोझँट्रोन या कर्करोगावरच्या औषधाचेही वाटू शकते. शिवाय सोबत फॉलिक ॲसिडची गोळी असते, आणि अनेकदा दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या असतात. म्हणून तिथे चिठ्ठीवर औषधाचे नाव पूर्ण हवे, आणि त्यापुढे वारही पूर्ण हवा: मेथोट्रेक्सेट, फक्त दर रविवारी, फॉलिक ॲसिड, दर मंगळवारी.