दहावीच्या निकालाआधी घरात ही चर्चा व्हायला हवी

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात दोन दिवस पेढे वाटले जातात. तिसऱ्या दिवशी प्रश्न सुरू होतो, "आता पुढे काय?" मामू म्हणतात सायन्स घे, शेजारचे चाचा म्हणतात आयटीआय बरा, कुणीतरी मालेगावला लूमवर नाहीतर गॅरेजवर लावून देतो म्हणतं. मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारलाच जात नाही. पंधरा दिवसांत काहीतरी ठरतं आणि त्या ठरण्यावर मुलाची पुढची तीस वर्षं जातात.

अडचण मुलांच्या हुशारीची नसते. माहिती उशिरा मिळते आणि कागद त्याहून उशिरा. म्हणून ही चर्चा निकालाच्या दिवशी नको, मूल नववीत असतानाच व्हायला हवी. नांदगाव तालुक्यातल्या पालकांनी नेमकं काय बघायचं, ते इथे सांगतो आहोत.

चार रस्ते, आणि ते एकमेकांना मिळतात

दहावीनंतर मुख्य रस्ते चार. पहिला अकरावी-बारावी: कला, वाणिज्य किंवा विज्ञान. दुसरा आयटीआय. यात वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा असे काही ट्रेड एक वर्षाचे, तर फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे. तिसरा पॉलिटेक्निक, म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा. चौथा अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकणं आणि सोबत विद्यावेतन घेणं.

पालकांना वाटतं, एकदा आयटीआयला घातलं की शिक्षण संपलं. तसं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्याची बारावी राहिली, त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ती पूर्ण करता येते. नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथे काम सांभाळून पदवी घेता येते. रस्ता लांबतो, पण बंद होत नाही. बंद होतो तो मूल काहीच न शिकता कामाला लागलं तर.

मनमाडचा कारखाना: घराजवळचं दार

आपल्याच तालुक्यातल्या मनमाडला मध्य रेल्वेचा इंजिनिअरिंग कारखाना आहे. ब्रिटिश काळापासूनचा. रेल्वेच्या पुलांचे लोखंडी गर्डर तिथे बनतात. नांदगाव स्टेशनवरून तिकडे रोज गाड्या जातात. तरी या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून शिकता येतं, हे आपल्या बऱ्याच घरांना माहीत नाही.

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली मध्य रेल्वे अप्रेंटिस भरतीची जाहिरात काढते. २०२४ मध्ये संपूर्ण मध्य रेल्वेसाठी २,४२४ जागांची जाहिरात होती. या भरतीत भुसावळ नावाचा एक गट असतो. त्यात भुसावळचे कारखाने आणि शेड, मनमाडचं वर्कशॉप आणि नाशिकरोडचं ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप येतं. म्हणजे आपल्या मुलाला मुंबईला खोली घेऊन राहायची गरज नाही.

अटी नीट वाचा, कारण इथेच आपली मुलं अडकतात. वय १५ ते २४, राखीव प्रवर्गांना सवलत. दहावीत किमान ५० टक्के. आणि त्या ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावी आणि आयटीआय या दोन्हींच्या गुणांवरून यादी लागते. प्रशिक्षण एक वर्षाचं, आणि २०२४ च्या जाहिरातीप्रमाणे विद्यावेतन महिन्याला ७,००० रुपये. मुलींना अर्जाची फी नाही.

आता हिशोब करा. दहावीला ४८ टक्के पडलेला मुलगा आयटीआयमध्ये कितीही चांगला निघाला तरी हा अर्ज भरू शकत नाही. "पास झाला, बस झालं" असं आपण म्हणतो, पण ते दोन टक्के या ठिकाणी फार महाग पडतात. म्हणून गणित आणि इंग्रजीत कच्च्या मुलाला नववीतच मदत द्या. मोहल्ल्यात शिकलेली एखादी आपा किंवा भाई संध्याकाळी तासभर बसले तरी फरक पडतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नाही. वर्ष संपलं की रेल्वे कामावर घेईलच, अशी हमी नसते. मात्र रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा असं प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी असतात, आणि राष्ट्रीय अप्रेंटिस प्रमाणपत्र खासगी कारखान्यातही चालतं. नाशिकच्या सातपूर आणि अंबड एमआयडीसीत आणि ओझरच्या एचएएलमध्येही अप्रेंटिस घेतले जातात. त्यासाठी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवून ठेवायचं. "रेल्वेत लावून देतो, इतके पैसे द्या" असं कुणी म्हणालं तर दारातूनच परत पाठवा. गुणांवर लागणाऱ्या यादीत कुणाची ओळख चालत नाही.

आयटीआयचा ट्रेड निवडताना

मित्राने घेतला म्हणून ट्रेड घेऊ नका. आधी बघायचं की पुढे ज्या जाहिरातीसाठी अर्ज करायचा आहे, त्यात हा ट्रेड असतो का. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, टर्नर हे ट्रेड रेल्वेच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या जाहिरातींत नेहमी दिसतात. दुसरं, मुलाचा हात कशात चालतो ते बघा. घरातला पंखा उघडून परत जोडणारा मुलगा आणि हिशोबाची वही नीट ठेवणारा मुलगा, दोघांचा ट्रेड एक असू शकत नाही.

राज्यातल्या काही शासकीय आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजनेतून वेगळ्या पाळ्या चालतात. तिथे ७० टक्के जागा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असतात. अर्ज भरताना आपल्या जवळच्या संस्थेत अशी तुकडी आहे का, हे विचारा. न विचारल्यामुळे या जागा आपल्या मुलांच्या हातून जातात.

उर्दू माध्यमाच्या मुलांना आयटीआयमध्ये पहिले काही महिने भाषा जड जाते. शिकवणं मराठीत, पुस्तकात शब्द इंग्रजी. त्यासाठी सुट्टीतच तयारी करा. रोज एक मराठी बातमी मोठ्याने वाचायची आणि मापं-अवजारांची इंग्रजी नावं पाठ करायची. मूल बुद्धीने कमी नसतं, शब्द अनोळखी असतात इतकंच.

अकरावी घेताना कोणतं दार बंद होतं?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत, नांदगाव-मनमाडलाही. अर्जात जास्तीत जास्त दहा महाविद्यालयं पसंतीने टाकता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथे मूल रोज खरोखर जाऊ शकेल.

विज्ञान घेताना गणित सोडलं तर पुढे इंजिनिअरिंग अवघड. जीवशास्त्र सोडलं तर डॉक्टर, युनानी, बी.एस्सी. नर्सिंग बंद. मालेगावला मन्सुरा इथे युनानी तिब्बिया कॉलेज आहे, पण तिथल्या बीयूएमएससाठीसुद्धा नीट परीक्षा द्यावी लागते. उर्दू येणाऱ्या मुलांना तो अभ्यास सोपा जातो, कारण तिब्बची बरीच पुस्तकं उर्दूत आहेत.

आणि कला शाखेला कमी समजू नका. कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचं एलएलबी करता येतं, शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड. आहे, आणि पदवीनंतर एमपीएससी. वाणिज्यवाल्याला सीएचा रस्ता आहे. आपल्या समाजाला वकील आणि हिशोबनीसही लागतात.

मुलींची फी माफ आहे, पण अर्ज करावा लागतो

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ झाली आहे. अट एकच मोठी: प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. थेट कॉलेजात जाऊन मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ही माफी जाते. होस्टेल आणि प्रवासाचा खर्च मात्र घरालाच बघावा लागतो.

आयटीआयमध्येही मुलींसाठी ३० टक्के जागा असतात. मुलीला लांब पाठवायला घर तयार होत नसेल तर रागावून उपयोग नाही. एकाच गाडीने जाणाऱ्या तीन-चार मुलींचा गट करा, पालकांनी एकदा स्वतः कॉलेज बघून या. बऱ्याच वेळा नकार भीतीचा असतो, शिक्षणाला नसतो.

कागद: खरा घोळ इथेच

अनेक पालक अजून विचारतात, "मुस्लिमांचं पाच टक्के आरक्षण मिळतं ना?" २०१४ मध्ये तसा अध्यादेश निघाला होता, त्याचा कायदा झाला नाही. धर्मावर वेगळं आरक्षण आज राज्यात नाही. पण बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, अत्तार, मणियार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. यादीत नसलेल्या गरीब घरांसाठी १० टक्के ईडब्ल्यूएस आहे, त्याचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो.

घोळ असा की शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुस्लिम" किंवा "शेख" लिहिलेलं असतं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावातल्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा (कोतवाल बुक) उतारा, जुनी जमिनीची नोंद, यांपैकी कशात तरी बिरादरीचा उल्लेख सापडायला हवा. हे शोधायला कधी कधी सहा महिने लागतात. दाखल्यानंतर नॉन-क्रिमीलेअर, आणि डिप्लोमा-इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांना जात पडताळणीही लागते. निकालानंतर धावपळ करून हे होत नाही.

नावाचंही बघा. जन्मदाखल्यावर "मोहम्मद", आधारवर "मो.", शाळेत "मोहंमद", वडिलांचं नाव एकीकडे "शेख" लावून, दुसरीकडे न लावता. ऑनलाइन अर्जात हे सगळं अडतं. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेत जाऊन दुरुस्त करा, नंतर फार चकरा माराव्या लागतात.

पैशांसाठी थांबू नका

आठवीतल्या मुलाला एनएमएमएस परीक्षेला बसवा. पास झाला तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना राजर्षी शाहू योजनेतून व्यावसायिक शिक्षणाची अर्धी फी परत मिळते, तिचा अर्ज महाडीबीटीवर. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ अल्प व्याजाने शैक्षणिक कर्ज देतं. सगळीकडे उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं.

कधी काय करायचं

नववीत: नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एक करा, जुना पुरावा शोधायला लागा. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला एकदा आयटीआय आणि एकदा कॉलेज दाखवून आणा. दहावीत डिसेंबरपर्यंत: जात किंवा ईडब्ल्यूएसच्या दाखल्याची तयारी, रहिवास दाखला. परीक्षेनंतर एप्रिलमध्ये: पसंतीची यादी मुलासोबत बसून लिहा. निकालानंतर: फक्त फॉर्म भरणं उरलं पाहिजे.

यादी लिहिताना मुलाला बोलू द्या. त्याला काय आवडतं हे आपण बहुतेक वेळा शेवटी विचारतो. आणि ज्यांच्या घरात यंदा दहावी नाही, त्यांनी ही माहिती जुमानंतर मस्जिदीबाहेर दोन घरांना सांगावी. पुढच्या वर्षी मनमाडच्या यादीत आपल्या मोहल्ल्यातलं एक नाव वाढलं, तर तेवढं पुष्कळ, इन्शाअल्लाह.